कागदावरची कॅथीड्रल्स आणि राजवाडे: इंग्लंडची जुनी छापचित्रं ओळखायची कशी, घ्यायची कशी

लंडनचं कार्लटन हाऊस आज पाहता येत नाही. चौथ्या जॉर्जने युवराज असताना पाण्यासारखा पैसा ओतून सजवलेला हा वाडा १८२६-२७ मध्ये पाडला गेला. तरी त्याचा जिना कसा होता, कुठल्या दालनात कुठल्या रंगाचे पडदे होते हे आपल्याला दिसतं, कारण विल्यम पाइनने १८१९ मध्ये 'हिस्टरी ऑफ द रॉयल रेसिडेन्सेस' हा तीन खंडांचा ग्रंथ पुरा केला. विंडसर, हॅम्प्टन कोर्ट, केन्सिंग्टन, सेंट जेम्स, बकिंगहॅम हाऊस, फ्रॉगमोर आणि कार्लटन हाऊस यांची हाताने रंगवलेली शंभर छापचित्रं त्यात आहेत. वाडा गेला, कागद उरला.

जुन्या चर्चेसची आणि राजवाड्यांची छापचित्रं जमवण्यातला खरा आनंद इथे आहे. घराची भिंत सजते ते वेगळंच, पण हे कागद म्हणजे पुरावे आहेत आणि ते वाचायला शिकता येतं. लंडनला राहणारे किंवा कामानिमित्त जाणारे बरेच मराठी लोक चेरिंग क्रॉसजवळच्या सेसिल कोर्ट गल्लीत दुकानांबाहेर लावलेली चित्रं चाळतात, किंमत बघतात आणि 'खरं की खोटं कोण जाणे' म्हणून पुढे निघतात. त्यांच्यासाठी ही माहिती.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. प्रत्येक जुन्या छापचित्राला तीन तारखा असतात. इमारत बघून चित्र काढलं ती एक, धातूवर किंवा लाकडावर ते कोरलं ती दुसरी, आणि तुमच्या हातातला कागद छापून निघाला ती तिसरी. विक्रेता बहुतेक वेळा एकच तारीख सांगतो. उरलेल्या दोन तुम्हाला शोधता आल्या, की फसायची भीती जवळजवळ संपते.

आधी फुकट बघा

पैसे काढण्याआधी डोळा तयार व्हायला हवा. ब्रिटिश म्युझियमच्या छापचित्र विभागात वेळ ठरवून गेलात तर अस्सल प्रती समोर ठेवून पाहता येतात, आणि त्याचे पैसे पडत नाहीत. भारतात असाल तर त्याच म्युझियमचा ऑनलाइन संग्रह, रॉयल कलेक्शन ट्रस्टचा संग्रह आणि टोरोंटो विद्यापीठाने ठेवलेला, सतराव्या शतकातल्या हॉलर या चित्रकाराच्या चित्रांचा डिजिटल साठा उघडा. तिसऱ्या जॉर्जने जमवलेला नकाशांचा आणि स्थळचित्रांचा प्रचंड संग्रह ब्रिटिश लायब्ररीकडे आहे. त्यातलीही हजारो चित्रं मोठ्या आकारात बघायला मिळतात.

हे बघताना एकच इमारत धरा. चित्रकारामागे किंवा शतकामागे धावू नका. कँटरबरी धरा, विंडसर धरा, वेस्टमिन्स्टर ॲबे धरा. एकाच वास्तूची दहा-पंधरा चित्रं शेजारी शेजारी ठेवली, की काय बदललं आणि कोणी कोणाची नक्कल मारली हे आपोआप दिसायला लागतं.

भिंग घ्या आणि रेषा बघा

दहापट मोठं दाखवणारं भिंग हवं, घड्याळजी वापरतात तसलं. ते चित्रावर धरलं की पहिला प्रश्न सुटतो: हे छापलंय कसं?

एकसारख्या अंतरावर बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते फोटोवरून यंत्राने छापलेलं आहे, म्हणजे फार तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं, आणि बहुधा त्याहून बरंच अलीकडचं. कागद कितीही पिवळा असो, तिथेच थांबायचं. चहाच्या पाण्यात कागद बुडवून तो जुना भासवण्याचा उद्योग अजूनही चालतो, पण ठिपके लपवता येत नाहीत.

सलग रेषा दिसल्या तर पुढे जायचं. तांब्याच्या पत्र्यावर ब्युरिन नावाच्या पोलादी कोरणीने काढलेली रेषा मधे जाड आणि टोकांना निमुळती असते, तांदळाच्या दाण्यासारखी. कोरणी धातूत शिरते, खोल जाते आणि अलगद वर येते, म्हणून असं होतं. एचिंगमध्ये पत्र्यावर मेणासारखा थर देऊन त्यावर सुईने चित्र काढतात आणि पत्रा आम्लात घालतात. तिथे धातू आम्ल खातं, हाताचा जोर लागत नाही. त्यामुळे रेषेचं टोक बोथट राहतं आणि हात कागदावर पेन फिरवल्यासारखा मोकळा असतो. इमारतींच्या बऱ्याच चित्रांत दोन्ही पद्धती एकत्र सापडतात: आधी एचिंगने आराखडा, मग कोरणीने सावल्या.

रेषेऐवजी बारीक वाळू पसरल्यासारखी करडी छटा दिसली तर ते ॲक्वाटिंट. जलरंगाचा परिणाम साधायला ही पद्धत उत्तम. पाइनची राजवाड्यांची चित्रं अशीच आहेत, आणि प्रकाशक रुडॉल्फ ॲकरमनच्या 'मायक्रोकॉझम ऑफ लंडन' (१८०८ ते १८१०) मधली १०४ चित्रंही. त्या ग्रंथात कामाची वाटणी सुंदर होती. इमारती ऑगस्टस चार्ल्स प्यूजिनने काढल्या आणि माणसं टॉमस रोलंडसनने. एखादा चर्चचा अंतर्भाग बघा: कमानी फूटपट्टीने मोजाव्यात अशा काटेकोर, आणि खालची माणसं जाडजूड, कुजबुजणारी, डुलक्या घेणारी. दोन हात भिंगाविनाही वेगळे कळतात.

पत्र्यावरून छापलेल्या या सगळ्या चित्रांची एक मोठी खूण आहे. शाई पत्र्याच्या खाचांत भरतात, वरचा भाग पुसून घेतात, ओलसर कागद ठेवतात आणि जड रुळांतून दाबून काढतात. त्या दाबाने पत्र्याच्या कडा कागदात उमटतात. चित्राभोवती खोलगट चौकट दिसते, ती हीच. कागद तिरप्या उजेडात धरा, परवानगी असेल तर मागच्या बाजूने हलकेच बोट फिरवा. उंचवटा जाणवतो. जुन्या पुस्तकातल्या लहान चित्रांत ही चौकट कापली गेलेली असू शकते, त्यामुळे ती नसली म्हणून चित्र खोटं ठरत नाही. आणि खोटी चौकट दाबून उठवताही येते, म्हणून आधी भिंग आणि मग बोट, हा क्रम सोडू नका.

लाकडी ठशांचं तंत्र याच्या उलट. तिथे उंच राहिलेल्या भागाला शाई लागते, म्हणून तो ठसा मजकुराच्या खिळ्यांबरोबर एकाच वेळी छापता येतो. १८४२ मध्ये सुरू झालेल्या 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मधली राज्याभिषेकांची, शाही लग्नांची, कॅथीड्रल्सची चित्रं अशीच निघाली. चित्राच्या मागे बातम्यांचा मजकूर असेल तर शंका घ्यायला नको. मोठ्या चित्रांत आडव्या-उभ्या अगदी बारीक पांढऱ्या फटी दिसतात. बॉक्सवुडचे छोटे ठोकळे बोल्टने जोडून मोठा ठसा बनवत, आणि ते वेगवेगळ्या कारागिरांना वाटून देत, त्या जोडांच्या या फटी. मला त्या दोष वाटत नाहीत. छापखान्यातली घाई त्यांत दिसते.

आणखी एक जागा भिंगाखाली धरा: आकाश. जॉन ब्रिटनने १८१४ पासून दोन दशकं चालवलेल्या 'कॅथीड्रल अँटिक्विटीज' मालेत जॉन आणि हेन्री ल क्यू या भावांनी कोरलेली चित्रं म्हणजे या कलेचा कळस. त्या काळच्या अशा वास्तुचित्रांत आकाशाच्या आडव्या रेषा इतक्या समांतर असतात, की माणसाच्या हाताने हे शक्य नाही असं वाटतं, आणि खरंच शक्य नव्हतं. विल्सन लोरी या कोरक्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस रेषा ओढायचं यंत्र बनवलं होतं आणि वास्तुचित्रं कोरणाऱ्यांनी ते उचललं. आकाश यंत्राचं, दगडी नक्षी हाताची. तुमच्या चित्रात अशा रेषा असतील तर ते १७९० च्या फार मागे जाऊ शकत नाही.

चित्राखालची अक्षरं

चित्राच्या खाली डाव्या कोपऱ्यात बहुधा चित्रकाराचं नाव आणि 'डेल.' किंवा 'डेलिन.' असतं, म्हणजे मूळ चित्र काढणारा. मूळ रंगचित्र असेल तर 'पिंक्स.' येतं. उजव्या कोपऱ्यात 'स्कल्प.' किंवा 'एससी.' म्हणजे कोरणारा. 'एक्सकूड.' म्हणजे प्रकाशक, आणि 'फेसिट' म्हणजे सगळं एकट्याने केलेला.

मधोमध प्रकाशकाचा पत्ता आणि तारीख असते. इंग्लंडमध्ये १७३५ साली छापचित्रांच्या हक्काचा कायदा झाला. हक्क मिळवायचा तर प्रकाशनाची तारीख आणि मालकाचं नाव प्रत्येक प्रतीवर घालणं भाग होतं. त्या कायद्यामुळे आज आपली अर्धी कामगिरी सोपी होते. ॲकरमनच्या चित्रांवर '१०१, स्ट्रँड' हा पत्ता ठळक सापडतो, तेच त्याचं दुकान.

पण ही तारीख प्लेटची, म्हणजे कोरलेल्या पत्र्याची, कागदाची नव्हे. सॅम्युएल आणि नॅथॅनिएल बक या भावांनी १७२० ते १७४० च्या दशकांत इंग्लंड-वेल्स पालथं घालून पडके मठ आणि किल्ले यांची चारशेहून जास्त चित्रं काढली. त्याच प्लेट १७७४ मध्ये रॉबर्ट सेयरने पुन्हा छापल्या. खालची तारीख तीच राहते आणि कागद तीस ते पन्नास वर्षांनी तरुण असतो.

इमारत स्वतः काय सांगते

हा माझा सर्वांत आवडता भाग, आणि नवख्या माणसाला सर्वांत लवकर फळ देणारा. कॅथीड्रल्स आणि राजवाडे शतकानुशतकं उभे असले तरी ते सतत बदलत आले आहेत. कुठे कळस गेला, कुठे बुरूज वाढला. कधी काय बदललं हे माहीत असेल तर चित्रातली इमारतच तारीख सांगते.

वेस्टमिन्स्टर ॲबेच्या पश्चिम दर्शनी भागाचे जुळे मनोरे मध्ययुगीन वाटतात, पण ते वास्तुकार हॉक्समूरच्या आराखड्यावरून १७४५ मध्ये पुरे झाले. चित्रात ते अर्धवट किंवा नसलेले दिसले तर ते दृश्य त्याआधीचं. लिंकन कॅथीड्रलच्या पश्चिमेकडच्या दोन मनोऱ्यांवर टोकदार कळस होते, ते १८०७ मध्ये उतरवले. सॉल्झबरीला चर्चपासून वेगळी उभी घंटाघराची इमारत होती. वास्तुकार जेम्स वायटने १७९० च्या सुमारास दुरुस्तीच्या नावाखाली ती पाडून टाकली. कँटरबरीचे पश्चिमेचे दोन मनोरे आज एकसारखे आहेत, पण १८३० च्या दशकापर्यंत वायव्येचा मनोरा जुना, ठेंगणा, नॉर्मन पद्धतीचा होता. दोन मनोरे जोडीला शोभत नाहीत असं चित्र मिळालं तर ते त्या बदलाच्या आधीचं समजा.

राजवाड्यांचंही तसंच. विंडसरचा गोल बुरूज आज जेवढा उंच दिसतो तेवढा पूर्वी नव्हता. चौथ्या जॉर्जच्या सांगण्यावरून वास्तुकार जेफ्री वायटव्हिलने १८२४ पासून किल्ल्याचं रूप पालटलं, त्यात हा बुरूज जवळजवळ तीस फुटांनी वाढवला. बुटका, बसका बुरूज असलेलं विंडसर म्हणजे जुनं विंडसर. बकिंगहॅम पॅलेसच्या पुढ्यात मार्बल आर्च उभी असेल तर दृश्य १८५० च्या आसपासचं किंवा आधीचं, कारण पुढची पूर्व बाजू बांधल्यावर ती कमान हाइड पार्कच्या कोपऱ्यात हलवली.

आता एक सावधगिरी. वेन्सेस्लाउस हॉलर १६०७ मध्ये प्रागला जन्मला, अर्ल ऑफ अरुंडेलबरोबर इंग्लंडला आला आणि १६७७ मध्ये लंडनमध्येच वारला. विल्यम डगडेलच्या १६५८ च्या ग्रंथासाठी त्याने जुन्या सेंट पॉल्स कॅथीड्रलची एचिंग्ज केली. आठ वर्षांनी, १६६६ च्या आगीत ते कॅथीड्रल जळालं, आणि आज त्या वास्तूची आपली ओळख मुख्यतः हॉलरमुळे आहे. पण त्यातल्या एका दृश्यात मधल्या मनोऱ्यावर उंच कळस आहे. तो कळस १५६१ मध्ये वीज पडून जळाला होता, म्हणजे हॉलरच्या जन्माच्या पंचेचाळीसहून जास्त वर्षं आधी. त्याने तो बघितलाच नव्हता, तर जुनं वैभव दाखवायला मुद्दाम परत उभा केला. म्हणून इमारत सांगते ती तारीख खालच्या अक्षरांशी आणि कागदाशी ताडून बघायचीच.

कागद उजेडात धरा

तिसरी तारीख इथे मिळते. कागद खिडकीसमोर धरल्यावर दाट, समांतर रेषा आणि त्यांना छेदणाऱ्या थोड्या दूरदूरच्या रेषा दिसल्या तर तो 'लेड' कागद. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हाच चालायचा. रेषा नसलेला सपाट 'वोव्ह' कागद १७५७ च्या सुमारास आला आणि १८०० पर्यंत चांगल्या छापचित्रांसाठी रूढ झाला.

जलचिन्ह, म्हणजे कागद उजेडात धरल्यावर दिसणारी कागद बनवणाऱ्याची खूण, मिळालं तर नशीब समजा. १७९४ नंतर कर-सवलतीच्या नियमांमुळे इंग्लिश कागद बनवणारे जलचिन्हात सालही घालू लागले. 'जे. व्हॉटमन' आणि खाली साल, हे सर्वांत ओळखीचं. समजा चित्राखाली १८०९ कोरलंय आणि कागदात १८२५ दिसतंय. चित्र खोटं नाही, प्लेटही अस्सल आहे, पण छपाई पंधराएक वर्षांनंतरची आहे आणि किंमत त्या मानाने कमी हवी.

झिजलेली प्लेटही हेच सांगते. तांबं मऊ असतं. काही शे प्रतींनंतर बारीक रेषा पुसट होतात आणि सावल्या करड्या पडतात. १८२० नंतर पोलादी प्लेट आल्या आणि एकेका प्लेटवरून हजारो प्रती निघू लागल्या. टॉमस शेपर्डच्या रेखाटनांवरून १८२७ पासून निघालेली लंडनची दृश्यं पोलादावरची आहेत. रेषा केसासारख्या बारीक, प्रती भरपूर, म्हणून आजही स्वस्त.

विकत घेताना

सुरुवात पोलादी प्लेटवरच्या एखाद्या कॅथीड्रलच्या दृश्याने करा. अशी चित्रं साधारण दहा ते चाळीस पौंडांत मिळतात. हॉलरची चांगली जुनी प्रत शेकडो पौंडांत जाते. ती पहिल्याच फेरीत घ्यायची नाही.

रंगाबद्दल नीट विचारा. पाइन आणि ॲकरमनची चित्रं रंगवूनच विकली जात, तिथे रंग मूळचा असतो. पण एकोणिसाव्या शतकातली पोलादी चित्रं बहुतेक काळ्या शाईतच निघाली, आणि त्यांतल्या पुष्कळांना गेल्या काही दशकांत रंग चढवला आहे. दिसायला छान असतं, संग्राहकाला मात्र ते नको असतं. विक्रेत्याला थेट विचारा, 'रंग त्या काळचा का नंतरचा?' आणि उत्तर पावतीवर लिहून घ्या. चांगला दुकानदार आनंदाने लिहून देतो.

समास कापलेत का, मागून पॅच लावलाय का, घड्यांवर फाटलंय का हे चित्र फ्रेममधून काढायला लावून बघा. फ्रेममधलं चित्र तसंच विकत घेऊ नये. समासाच्या एका बाजूला शिलाईची भोकं दिसली तर ते पुस्तकातून काढलेलं आहे. ही गोष्ट मला मनापासून खुपते. अख्खे ग्रंथ फाडून पानं सुटी विकण्याचा धंदा जुना आहे आणि त्यापायी कितीतरी संपूर्ण संच संपले. शंभर वर्षांपूर्वी सुटी झालेली पानं घ्यायला हरकत नाही. पण दुकानदार तुमच्यासमोर धड पुस्तकातून पान कापून द्यायला निघाला तर नको म्हणा आणि बाहेर पडा.

हीच नजर आपल्याकडे

इंग्लंडची छापचित्रं वाचता आली की आपल्या भागातलीही वाचता येतात, कारण कोरणारे हात तेच होते. जेम्स वेल्स १७९१ मध्ये मुंबईला आला, पुण्यात पेशव्यांच्या दरबारी लोकांची चित्रं काढली, वेरूळची लेणी रेखाटली आणि १७९५ मध्ये वारला. त्याची वेरूळची रेखाटनं टॉमस डॅनियलने लंडनमध्ये कोरून १८०३ मध्ये प्रसिद्ध केली. सवाई माधवरावांच्या दरबारात इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेटने केलेल्या १७९० च्या तहाचं मोठं चित्रही डॅनियलने वेल्सच्या अभ्यासचित्रांवरून रंगवलं, तेही लंडनमध्ये बसून. तीन तारखांचा हिशेब इथेही तसाच लागतो. गोव्यासाठी लिन्सखोटेनच्या १५९६ च्या डच ग्रंथातला शहराचा कोरीव नकाशा बघा. जुन्या गोव्याच्या चर्चेस त्यात रस्त्यांसकट दिसतात.

घरी आणल्यावर

मुंबई, कोकण, गोव्याची हवा कागदाची शत्रू आहे. दमट जागी कागदावर तांबूस ठिपके पडतात आणि कसर लागते. पावसाचं पाणी झिरपणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र टांगू नका, थेट उन्हातही नको. फ्रेमवाल्याला तीन गोष्टी बजावून सांगा: माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आणि मागचा पुठ्ठा ॲसिड-फ्री हवा, काच कागदाला टेकता कामा नये, आणि चित्र चिकटवायचं नाही. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या बिजागऱ्या गव्हाच्या खळीने लावायच्या, बस्स. सेलोटेप, फेव्हिकॉल, लॅमिनेशन यांपैकी काहीही झालं तर चित्र गेलंच. मागे हार्डबोर्ड घालायची सवय असेल तर तीही मोडा, त्यातलं आम्ल काही वर्षांत कागद तपकिरी करतं. ठिपके घालवायला घरी ब्लीच वापरू नका, ते कागद-संवर्धकाचं काम आहे.

फ्रेममध्ये नसलेली चित्रं सपाट फोल्डरमध्ये, मधे ॲसिड-फ्री कागद घालून ठेवा. गुंडाळून नळीत कोंबू नका. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेल ठेवा आणि ते वेळेवर बदला. फोल्डरवर (चित्रावर नव्हे) पेन्सिलीने तिन्ही तारखा, कुठे घेतलं आणि किती पैसे दिले ते लिहा.

शेवटी कायद्याचं. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू भारतात १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकते आणि अशी वस्तू देशाबाहेर नेण्यावर कडक निर्बंध आहेत. लंडनहून आणलेलं चित्र पुढे मुलांकडे परदेशी पाठवायचा विचार असेल, तर खरेदीची पावती आणि आणतानाचे कस्टमचे कागद जपून ठेवा, आणि पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे चौकशी करा.